सुश्रुतच्या नऊ ऑर्डरी

ऐक गो सरू, तो कप खाली ठेव नि नुसती ऐक. मधे बोललीस ना, तर पुढचं सांगणार नाय!

जूनमधली गोष्ट. मी रोह्याच्या आमच्या स्टॉलवर बसलेले. बाबा पेणला, रामवाडीच्या कारखान्यात. तुला म्हाईतच हाय आमचं — गणपतीची ऑर्डर रोह्याला घ्यायची, मूर्ती पेणला रंगवायची, नि मधे दिवसभर फोटो पाठवत बसायचं. तर समोर बाइक थांबली. धाटावच्या कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट, आणि तोंड असं... जसं काय मी त्याचं घर लुटलंय.

"गेल्या वर्षी आईनं आमसुली शेला सांगितला होता," म्हणाला. "बाप्पा आले गुलाबी शेल्यात."

"गुलाबी पण छान दिसतो."

"बाप्पांना दिसतो हो. आईला नाही दिसत."

मला हसूच फुटलं गो! तो पण हसला. हसताना त्याची एकच भुवई वर जाते, दुसरी तिथंच. मी त्या भुवईकडं बघतच राह्यले.

नाव सुश्रुत गुप्ते. मी खरं सांगितलं त्याला — बाबांच्या फोनमधे तुमचा आमसुली शुभ सकाळच्या ढिगाऱ्याखाली गेला असणार. तर म्हणतो, "जुना कॉम्प्युटर आहे का घरी? त्याचाच डबा करू. तुमचा फोन, काकांचा फोन, हा टॅब, सगळं त्याला जोडायचं. इथे फोटो काढला की तिकडे कारखान्यात दिसला. पाठवापाठवी बंद."

"आणि तुम्ही एवढं का करणार?"

"आमसुलीसाठी," म्हणाला... पण बघत होता माझ्याकडं!

रविवारी पेणला आला की खरंच. दोन नव्या हार्डडिस्क बसवल्या, एक मेली तरी दुसरी जिवंत. डबा कारखान्यातल्या कपाटावर ठेवला. बाबांनी लगेच हळदकुंकू लावलं, फूल नेमकं डब्याच्या पंख्याच्या जाळीत खोचलं. त्यानं ते हळूच काढून वर ठेवलं, बाबांना कळू न देता. तेव्हाच मी गेले गो सरू, तेव्हाच!

मग माझा फोन जोडायला बसला. "हे दोन्हीकडून लागतं," म्हणाला. "एकानं विचारायचं, दुसऱ्यानं स्वीकारायचं. एकतर्फी जोडणी होत नाही."

"तुमच्या रोह्यात सगळं असंच असतं काय?"

"रोह्यात विचारायलाच घाबरतात."

"मग तुमचा पण फोन जोडा ना."

"नको... हे घरातलं आहे. घरातल्यांनीच असावं त्यात."

त्यानंतर दर रविवारी यायचा. का, तर डब्याच्या पंख्यात प्लास्टरची धूळ जाते. पंखा पाच मिनिटांत साफ व्हायचा, चहा दोन तास पुरायचा. तुम्हीचं तू कधी झालं ते पण कळलं नाय.

आता माझा गाढवपणा ऐक. ऑर्डरीच्या नोंदी मी फोनवर लिहायचे ना, त्या पण डब्यात जायच्या. पहिली ओळ लिहिली की तेच त्या नोंदीचं नाव. त्यातच मी कधी कधी... म्हणजे त्याच्यासाठी... लिहायचे नि पुसायचे. तोच म्हणालेला, एकीकडं पुसलं की सगळीकडं पुसतं. मग काय भ्यायचं!

आणि गणपतीला अकरा दिवस राह्यले असताना बाबा म्हणतात, "फोन भरलेला गो, साफ केला सगळा."

सगळा! तीनशे बारा मूर्तींचे फोटो, नोंदी — बाबांच्या फोनमधून गेले ते माझ्यातून, टॅबमधून, कारखान्यातून, सगळीकडून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याचा टेम्पो भरायचा. आमचे रंगारी गोविंदाकाका ब्रश धरून बसलेले. "शिल्पा, वडखळच्या घरतांचा शेला कुठला गो?" मला काय म्हाईत! बाबा तर पाटावर डोकं धरून बसले. एवढ्या वर्षांत कधी बघितले नव्हते तसे.

मी फोन केला. तो पहिली पाळी सुटल्यावर थेट निघाला, साडेचारला कारखान्याच्या दारात. चिखल गुडघ्यापर्यंत.

"रडू नको," म्हणाला. "पुसलेल्या सगळ्याची जुनी प्रत ठेव म्हणून डब्याला सांगितलंय मी. तुलाही सांगितलं होतं, पहिल्याच रविवारी!"

सांगितलं असेल. तेव्हा मी त्याच्या मनगटावरचा तीळ बघत होते, मला काय ऐकू येणार?

...पण सरू, पुसलेल्या *सगळ्याची*. कळलं का तुला? मला तेव्हा नाय कळलं.

फोटो यायला लागले. दहा, पन्नास, दोनशे! गोविंदाकाका ओरडले, "आला! घरतांचा मोरपंखी आला!" बाबांनी डब्यालाच हात जोडले. मग आल्या नोंदी. घरत, वडखळ. म्हात्रे, दोन फूट. आणि खाली —

सुश्रुत ऐक ना. सुश्रुत रागवू नको पण. सुश्रुत तुला कोणी आवडतं का.

माझ्याच पुसलेल्या नोंदी गो! नि बाबा, जे त्याला गुप्तेच म्हणतात, चष्मा सरकवून मोठ्यानं वाचतायत. "ह्ये सुश्रुत कोण? नऊ ऑर्डरी? एवढ्या मूर्ती कधी व्हायच्या?"

त्याचे कान लाल लाल! पण गडी हलला नाय. म्हणाला, "एकच आहे काका. कन्फर्म व्हायचीय अजून."

आणि हेल्मेट घेऊन बाहेर गेला.

मी तिथंच मेलेली. तेवढ्यात माझा फोन वाजला. बघते तर — 'सुश्रुतचा फोन जोडणी मागत आहे. स्वीकारायची?'

धावले बाहेर. रस्त्यापलीकडं टेम्पोला टेकून उभा, फोन दोन्ही हातांत धरलेला, परीक्षेचा निकाल धरतात तसा.

"ते घरातल्यांचंच असतं ना?" मी विचारलं.

"म्हणूनच विचारतोय."

मी दाबलं गो! त्याचं वाक्य संपायच्या आत दाबलं! त्याच्या फोनची टिंग मला रस्त्यापलीकडून ऐकू आली. आणि ती भुवई... ह्या वेळी दोन्ही वर!

सकाळी टेम्पो निघाला तेव्हा एक शेला चुकलेला नव्हता. पहिल्या रांगेत गुप्त्यांचा बाप्पा, आमसुलीत. बाबा अजून विचारतात, त्या नऊ ऑर्डरींचं काय झालं.

आपली शीतल म्हणते, एवढ्या घाईनं कुणी दाबतं काय, जरा भाव खायचास, दोन दिवस लटकवायचंस. तू सांग सरू, तो समोर तसा उभा असता... तर तू काय केलं असतंस?