तळाची मूठ

या मायबापहो, जरा पुढे सरकून बसा. आजचे आख्यान एका तळहाताचे आहे.

भैरवकड्याच्या किल्ल्यावर पहाट फुटली तेव्हा तटाखाली सतरा गडी मरून पडले होते. कारण आदल्या सांजेस गनीम खिंडाराशी भिडला, आणि ऐन घटकेस गडाच्या तोफांनी नुसता धूर ओकला. फितुरीचा आळ आला सिदोजी गोलंदाजावर. हात बांधून त्याला कड्याच्या टोकाशी उभे केले होते.

“तोफेच्या पोटी राख घातली सरकार, तर तोफ ढेकर देते, गोळा नाही टाकत!” तो ओरडला.

दारूखान्याचा दरोगा अंताजी हसला. “नाचता येईना, अंगण वाकडे!”

अंताजीची लेक भिवरा मागे उभी होती. ती दारूखान्यात कोळसा चाळी. तोफेची दारू ज्याने पेट घेते तो चोख सोरा गनिमाला विकून बाप दारूच्या रांजणात राख ओतताना तिने पाहिला होता. आणि बाप म्हणून ती गप्प राहिली होती.

“दरोगा, रिवाजाप्रमाणे पारख द्या,” किल्लेदार हैबतराव म्हणाले.

चोख दारू तळहातावर पेटवली तर भपकन उडते, कातडीला धग लागत नाही. भेसळीची धुमसत राहते. अंताजीने कड्यावर आणवलेल्या रांजणातली वरची चिमूट तळहातावर पेटवली. भपका उडाला, हात कोरा!

“लोटा त्या गोलंदाजाला,” हैबतरावांनी हुकूम सोडला.

“थांबा सरकार!” भिवराने कोपरापर्यंत हात रांजणात खुपसला, तळची मूठ काढली आणि जळती वात स्वतःच तिला लावली. दारू धुमसू लागली. कातडी करपली, वास सुटला. पण तिने हात झटकला नाही.

अंताजी हैबतरावांच्या पायांवर कोसळला. “चूक झाली, सरकार! चाळताना राख मिसळली असेल!”

“चुकीची राख वरखाली सारखीच सापडते,” हैबतराव म्हणाले. “वर चोख अन् तळाशी राख, ही मांडणी झाली. चुकीला क्षमा आहे दरोगा. ठरवून केलेल्या फसवणुकीला कडा आहे.”

“त्यांचे हात तोडा, पण जीव राखा!” भिवराने पदर पसरला.

“ते सतरा कोणाकडे पदर पसरणार होते, पोरी?”

सिदोजीचेच दोर सोडून अंताजीला बांधले. जाताना तो लेकीच्या तोंडावर थुंकला. “बापखाऊ!” मग कड्याखालून फक्त घारी उठल्या.

गड टिकला. भिवराचा तळहात मात्र पुन्हा मिटला नाही, त्यात टाळ कधी धरता आला नाही. कीर्तनात ती खांबाआड बसून नुसते ओठ हलवी. मायबापहो, पुढच्या गजरात तुमचे टाळ खणखणतील तेव्हा एक ठेका तिच्या नावाने वाजवा.