न खरवडलेलं नाव

पाटी जागेवर होती. अक्षरं जागेवर होती. नाव तेवढं गेलं होतं.

सोमवारी दुपारी एक वाजता रोहिणी ओलं फडकं घेऊन पाटीखाली उभी राहिली आणि ओरडली. आत पापड लाटणाऱ्या आठ बायकांची लाटणी एकदम थांबली. मंजुळाबाईंनी हातातल्या पाकिटावर पट्टी चिकटवली, ती सरळ बसल्याची खात्री केली आणि मगच बाहेर आल्या. बावीस वर्षं त्यांनी गलोंडा गावातल्या खोक्यांच्या कारखान्यात तपासणीला काढली होती. आग लागली असती तरी आधी पट्टी सरळ बसायला हवी होती.

"मावशी, माझं नाव बघा! शनिवारी संध्याकाळी मी याच फडक्याने पुसलं होतं. आज नाहीच!"

टोकरखाड्याच्या वसाहतीच्या कोपऱ्यावरचं हे 'कनक गृहउद्योग'. जूनपासून दारावर टिनाची पिवळी पाटी होती, तिच्यावर तपकिरी रंगात एकच शब्द, कनक. टपोरी, वळणदार अक्षरं. वर शिरोरेघ, आणि खालीही तशीच दुसरी रेघ. येणारेजाणारे "रुळावरची गाडी" म्हणून हसायचे आणि तरी मान वर करून बघत राहायचे. खालच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर जागेत 'रोहिणी' लिहिलेलं होतं. आता तिथे नुसता पिवळा रंग होता.

"चार वाजता मॅडम येतील," रोहिणी म्हणाली.

अपर्णा मॅडम गलोंड्याच्या त्याच कारखान्यात खोक्यांवरची चित्रं-अक्षरं ठरवणाऱ्या विभागाच्या प्रमुख. जागा एक होती आणि उमेदवार दोन. एक सौरभ, नाशिकहून कलेची पदवी घेऊन आलेला, समोरच्या गल्लीत बॅनरचं दुकान असलेला. दुसरी रोहिणी, कनकमधलीच, बारावी नापास, मोबाइलवर बघून बघून अक्षरं शिकलेली. मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "मला कागद नकोत. रस्त्यावर लागलेलं, तुमचं नाव असलेलं एक काम दाखवा."

तेच एक काम होतं. आणि त्याचंच नाव गेलं होतं.

कल्पनाताई पदराला हात पुसत आल्या. कनक त्यांनीच उभं केलेलं. "सौरभचंच काम हे! परवा मॅडमना फोनवर सांगत होता, त्या बायका माझ्याकडूनच डिझाइन करून नेतात म्हणे. बॅनर लावायची शिडीही आहे मेल्याकडे."

"शिडी आपलीही आण," मंजुळाबाई म्हणाल्या.

छप्पन्नाव्या वर्षी त्या शिडी चढल्या. दोन बायकांनी शिडी धरली आणि तिसरीने, "मावशी, विमा काढलाय ना?" असं विचारून घेतलं.

त्यांनी चष्मा नाकावर ढकलला. कोपऱ्यावरून नख फिरवलं. ओरखडा नव्हता. थिनरचा वास नव्हता. वरून नवा रंगही मारलेला नव्हता. पिवळा सगळीकडे सारखाच विटलेला. म्हणजे इथलं नाव कुणी खरवडलं नव्हतं, पुसलं नव्हतं, झाकलंही नव्हतं.

मग त्यांनी चार कोपऱ्यांचे चार बोल्ट बघितले. पावसाळाभर गंज धरलेले. प्रत्येक बोल्टपासून टिनावर एक तांबडी रेघ वर गेलेली. बोल्टांच्या डोक्यावर ताज्या ओरखड्यांत काहीतरी पांढरं भरलेलं. त्यांनी बोटाला लावलं आणि जिभेला टेकवलं.

वरच्या कडेला प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण होतं, डाव्या कोपऱ्यात जरा जास्तच दाट.

"तोरण कधी लावलं गं?"

"आज सकाळी," कल्पनाताई खालून म्हणाल्या. "पाहुणे येणार, शोभा नको? हात लावू नका, दोरा कुजकाय."

मंजुळाबाईंनी हात लावला नाही. खाली उतरून त्यांनी रोहिणीला पाणी दिलं.

"पाटी रंगवलीस कुठे?"

"वर गच्चीवर, मे महिन्यात. तीन दिवस वाळत होती. धूळ बसेल म्हणून कुणाला वर येऊ दिलं नाही. कल्पनाताई तेवढ्या पापड राखायला असायच्या."

"आणि चढवली कुणी?"

"यांनी."

'हे' म्हणजे नीलेश. धाग्याच्या कारखान्यात फिटर, मूळचा साक्रीकडचा. पहिली पाळी संपवून अडीचला घरी आला तेव्हा मंजुळाबाई पायरीवर बसलेल्याच होत्या.

"काल रविवारी कुठे होतास रे?"

"डबल ड्यूटी. गेटवरचं रजिस्टर बघा. का, मी आरोपी का?"

"सध्या सगळेच. जूनमध्ये पाटी तूच लावलीस ना?"

"मीच. चादरीत गुंडाळलेली वर नेली. ही खालून ओरडत होती, नाव खाली ठेवा, नाव उजवीकडे ठेवा. आवळले बोल्ट."

"अक्षरं कशी वाटली?"

"कोण वाचतं? पाना सटकत होता हातातून."

"पाच महिन्यांत एकदाही नाही वाचलीस?"

नीलेशने बुटाची नाडी ओढली. "मावशी, गेटवर पोरं विचारतात, रोहिणीताईंचे मिस्टर का? मला माझं नाव नाही का? ती गलोंड्याला साहेबीण होणार आणि मी तिथे डबा पोचवणार?"

"म्हणून नाव उडवलंस?"

"उडवायचंच असतं तर अख्खी पाटी उतरवून भंगारात दिली असती. आपलं काम अर्धं नसतं."

यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

सौरभ दुकानात पंख्याखाली बसला होता. मंजुळाबाईंना पाहताच म्हणाला, "आलीच का सीआयडी!"

"मॅडमना काय सांगितलंस रोहिणीबद्दल?"

तो लालबुंद झाला. "हो, सांगितलं. चार वर्षं फी भरून शिकलोय मी मावशी. आणि नोकरी मोबाइलवर शिकलेलीला? मग आम्ही काय झक मारायला शिकलो?"

"पाटी चांगली नाही का?"

"वळण बरं आहे. पण चुका आहेत ना! ती खालची रेघ कशाला? रेघ डोक्यावर असते, पायाखाली नाही. मी असतो तर पहिली ती उडवली असती."

"खात्रीने?"

"शंभर टक्के."

मंजुळाबाईंनी त्याच्याकडे प्रेमाने बघितलं. कधी कधी माणूस स्वतःला निर्दोष ठरवतो आणि त्याला पत्ताही नसतो.

परत येताना त्या स्वतःशीच हसल्या. मत्सर करणारा शोधायचा म्हटलं तर कुणाला सोडायचं? आपल्याला तरी? बावीस वर्षांत लाखो खोकी त्यांच्या हातून पास झाली. खोक्याच्या बुडाला शिक्का बसायचा, 'तपासणी ७'. सात म्हणजे मंजुळा, हे मुकादमालाही आठवत नसे. जूनमध्ये रोहिणीचं नाव पाटीवर बघून त्यांच्याही पोटात बारीक कळ आली होती. म्हणून तर त्यांना ठाऊक होतं, ही कळ कुठे कुठे राहू शकते.

कनकमध्ये शिरून त्यांनी पीठ तिंबायच्या मशीनजवळ खिळ्याला टांगलेला पाना उचलला. पट्टा सैल झाला की कल्पनाताई त्यानेच आवळायच्या. पाना उडदाच्या पिठाने पांढरा झाला होता. जबड्यात मात्र तांबडी पूड होती. मशीनचे बोल्ट तेलात न्हालेले, चकचकीत. गंजाचा ठिपकाही नाही.

मग त्या गच्चीवर गेल्या. फरशीवर पाटीच्या कडांनी गळलेल्या पिवळ्या थेंबांचा लांबट चौकोन अजून होता. जिन्याच्या बाजूला ब्रश पुसल्याचे डाग, म्हणजे रोहिणी इथे बसायची. पलीकडे पाण्याची टाकी, टाकीच्या सावलीत गोणपाटाचं बसकण आणि कावळे हाकायची काठी.

त्यांनी रोहिणीला वर बोलावलं.

"खरं सांग. पाटी उलटी केली तर काय होतं?"

रोहिणीने तोंडावर हात घेतला. मग जिन्याकडे पळत सुटली. मंजुळाबाईंनी तिचा पदर पकडला.

"थांब. आधी मला सांगू दे. तू सांगितलंस तर भांडण होईल."

साडेतीन वाजता लाटणी पुन्हा थांबली. नीलेशला बोलावलं होतं. सौरभ स्वतःच आला होता, मजा बघायला. कल्पनाताई मशीनला टेकून उभ्या होत्या. मंजुळाबाईंच्या हातात खोक्याचा एक पुठ्ठा होता; रोहिणीने पाटीसाठी काढलेला पहिला कच्चा आराखडा.

"काय लिहिलंय?"

"कनक!" बायका म्हणाल्या.

त्यांनी पुठ्ठा डोक्यावर उभा केला. वरची रेघ खाली गेली, खालची वर आली. पहिला क शेवटी गेला, शेवटचा पहिल्या जागी बसला. मधल्या न ने नुसती कूस बदलली.

"अगं बाई, पुन्हा कनकच!"

"आता नाव कुठे गेलं ते सांगते. कुठेच नाही. कुणीतरी चार बोल्ट काढले, पाटी उलटी केली आणि परत आवळली. शब्द तोच राहिला. खाली उजवीकडचं नाव वर डावीकडे गेलं, उलटं होऊन. तिथे आता तोरण आहे."

"मावशी, पण तुम्हाला कसं—"

"गंज. पाच महिने बोल्टाखाली पाणी ओघळलं, डाग पडले. आज ते डाग बोल्टाच्या वर आहेत. खोकं उलटं ठेवलं होतं की नाही, हे मी गोंदाच्या ओघळावरून ओळखायचे. ओघळ वर चढत नाही."

सौरभने पुठ्ठा ओढून घेतला होता. एकदा फिरवला, दोनदा, तीनदा. "खालची रेघ…" तो पुटपुटला. "मी उडवणार होतो."

"म्हणूनच तू सुटलास. ती रेघ कशाला आहे हे ज्याला कळलं नाही, तो पाटी उलटी करणार नाही. नीलेश तर कारखान्यात होता, आणि त्याने बायकोचं काम कधी वाचलंच नाही." नीलेशने खाली बघितलं. "बोल्टांच्या ओरखड्यांत उडदाचं पीठ आहे. आपल्या पान्यात गंज आहे. काल सुट्टी, दाराला कुलूप. किल्ल्या दोनच. एक रोहिणीची."

कुणी कल्पनाताईंकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"उरला एकच प्रश्न. रोहिणीने हे गुपित कुणालाच सांगितलं नव्हतं. मग कळलं कुणाला? पाटी गच्चीवर वाळत होती. जिन्याकडून बघणाऱ्याला ती सुलटी दिसायची. टाकीकडे बसणाऱ्याला उलटी. आणि तरीही वाचता यायची. तीन दिवस टाकीखाली कोण बसलं होतं, कल्पना?"

कल्पनाताईंनी मशीनचा टेका सोडला.

"कनक मी उभं केलं," कल्पनाताई म्हणाल्या. "आधीची पाटी मी रंगवली होती. वेडीवाकडी होती, पण माझी होती. हिची लागली आणि जो तो विचारायला लागला, पाटी कुणी काढली? पापड कुणी केले, हे पाच वर्षांत एकाने विचारलं नाही. आता ही मोठ्या जागी जाणार. माझ्याच दारातल्या पाटीवर पाय देऊन."

"मग खरवडून टाकायचं होतं," रोहिणी म्हणाली. "एवढा खटाटोप कशाला?"

"सुरी घेऊनच चढले होते गं. हात चालेना. इतकं देखणं काम… त्याला ओरखडा कसा काढू?"

"तुम्ही ओळखलंत, ताई." रोहिणीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता. "मी पाच महिने वाट बघितली. वाटायचं, आज कुणीतरी ओळखेल, उद्या ओळखेल. तुम्ही ओळखलंत आणि एक शब्द बोलला नाहीत?"

"पहिल्याच दिवशी ओळखलं. तीन दिवस नुसती बघत बसले होते. एकदा कावळ्यांनी अर्धी परात नेली तरी कळलं नाही. मला हे सात जन्मांत जमणार नाही, तेही तिथेच कळलं. कसं बोलू?"

रोहिणीने खिळ्यावरचा पाना काढला. नीलेश पुढे झाला, "दे, मी चढतो."

"राहू द्या. नाव माझंय."

ती वर चढली, तोरण तोडून खाली टाकलं. तिथे होतं नाव, डोक्यावर उभं. तिने बोल्ट काढले, टिन छातीशी धरलं आणि फिरवायला सुरुवात केली. नेमकी त्याच वेळी पांढरी गाडी थांबली. अपर्णा मॅडम दहा मिनिटं लवकर आल्या होत्या. गाडीच्या दारात उभ्या राहून त्यांनी कनक आडवं होताना बघितलं, तिरकं होताना बघितलं आणि पुन्हा कनक होताना बघितलं.

"थांबा! परत फिरवा," त्या म्हणाल्या. रोहिणीने फिरवलं. "अँबिग्राम! आणि तोही देवनागरीत, शिरोरेघेसकट? हे कुणी केलं?"

सौरभने घसा खाकरला.

"तिनेच," तो म्हणाला. "फोनवर मी खोटं बोललो होतो."

मॅडमनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान वर केली. "पण मग सही वर उलटी कशी? लावताना चूक झाली का?"

"हो, चूकच—" रोहिणी वरून म्हणाली.

"चूक नाही," कल्पनाताई म्हणाल्या. त्या शिडीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मी उलटी केली. तिचं नाव दिसू नये म्हणून. लिहून घ्या हवं तर."

मॅडमनी वर बघून विचारलं, "गुरुवारपासून येऊ शकाल?"

"येईन."

रोहिणीने पाटी सुलटी टेकवली. एका हाताने टिन, दुसऱ्याने बोल्ट; शिडी डुगडुगली. तिने खाली बघितलं.

"नुसत्या उभ्या काय राहिलात, ताई? शिडी धरा."

कल्पनाताईंनी दोन्ही हातांनी शिडी धरली. मंजुळाबाईंनीही पुढे होऊन शिडीच्या खालच्या पायरीवर आपला पाय रोवला. माफी ज्याची त्याने द्यावी. शिडी घट्ट धरली आहे की नाही, हे तपासणं मात्र मंजुळाबाईंचं काम होतं.