ड्रममधली चावी

विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत, रविवारी भर दुपारी. भुताला रात्रच लागते असं ज्याला वाटतं, त्याने एकदा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहावं.

आमचे हे काँक्रीटच्या मिक्सर गाडीवर ड्रायव्हर. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. स्वतःची गाडी घ्यायची, हे एकच वेड. शेवटी त्यांच्याच शेठने एक जुनी गाडी विकायला काढली. अगदी स्वस्तात.

"तो शेठ फुकट कोणाला पाणी पाजत नाही," मी म्हटलं.

"तुला सगळ्यातच खोट दिसते," हे म्हणाले. आणि गाडी दारात आली. मालक झाल्याच्या आनंदात माणसाचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

स्वस्त का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या ड्रममध्ये एक कामगार मेला होता.

उरलेलं काँक्रीट ड्रमला आतून चिकटतं आणि दगड होतं. ते फोडायला माणसाला झडपेतून आत उतरावं लागतं. शेठला एक घाणेरडी खोड होती. आतला माणूस रेंगाळला की तो गाडी चालू करून ड्रमला झटका द्यायचा. वर हसायचा. म्हणून कामगारांनी नियमच केला... आत जाणाऱ्याने गाडीची चावी स्वतःच्या खिशात ठेवायची.

तो कामगार मेला तेव्हा शेठने सगळ्यांना चावी दाखवली होती. "ही बघा, त्याच्याच खिशातून काढली. दुसरी चावीच नाही. पाय घसरून पडला बिचारा." लोकांनी माना डोलावल्या. त्याच संध्याकाळी शेठने त्याच ड्रममध्ये माल भरून गाडी पाठवली. पण नंतर कोणी ड्रायव्हर तिच्यावर चढेना.

गाडी आमच्याकडे आल्यापासून मी भांडी घासायला लागले की आवाज यायचा.

टक... टक... टक...

ड्रममधून. आतून.

मी खिडकी उघडली की बंद.

"लोखंड आहे, तापतं-निवतं, वाजणारच," हे म्हणायचे. लोखंड मला बघून कसं गप्प बसतं, ते मात्र सांगायचे नाहीत.

त्या रविवारी हे ब्रेकर मशीन घेऊन आत उतरले. चावी खिशात. मी शिडीपाशी वायर धरून उभी. बराच वेळ खडखडाट चालला होता.

मग मशीन थांबलं.

"अहो?"

मी शिडीची एक पायरी चढले.

"अहो, बरे आहात ना?"

झडपेतून आधी नुसता हात बाहेर आला... हातात काँक्रीटचं ढेकूळ. त्यात एक चावी रुतलेली.

ह्यांनी खिशातली चावी काढून शेजारी धरली. दोन्हींवर एकच नंबर.

मला लख्ख कळलं. मेलेल्या माणसाची चावी ही होती. ड्रममध्येच पडली आणि नंतरच्या मालात गाडली गेली. शेठने लोकांना दाखवली ती दुसरी. त्याच चावीने त्याने झटका दिला होता आणि तीच आमच्या हातात ठेवून गाडी खपवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे शिडीवरून खाली उतरले, पायरीवर बसले आणि फोन लावला.

"शेठ, चावी सापडली. आत रुतलीय, निघत नाही. तुम्हीच या."

आवाज अगदी थंड.

शेठ घामाघूम होऊन आला. आधी मला विचारलं, "फोन कोणी केला?"

"ह्यांनी. आणखी कोण करणार?"

"आवाज याचा नव्हता."

हे शिडीपाशी उभे होते. मूठ घट्ट मिटलेली. ढेकूळ त्या मुठीत होतं.

"आधी गाडीची चावी दे," शेठ म्हणाला. नियम त्यालाही पाठ होता. ह्यांनी दिली. ती खिशात टाकून तो आत उतरला.

टक... टक... टक...

"आत कोण आहे?" शेठचा आवाज.

केबिनला कुलूप होतं. इंजिन बंद होतं.

आणि ड्रम फिरला.

सावकाश... एक पूर्ण फेरा. मग आणखी एक.

शेठ ओरडत होता... मग ओरडेनासा झाला.

चौकशीला आलेले म्हणाले, आतल्या ओझ्याने ड्रम आपोआप फिरला असेल. असेल. चावी शेठच्याच खिशात सापडली. करावे तसे भरावे. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही.

टकटक त्या दिवसापासून थांबली. गाडी धावते. हे मालक झाले.

पण लोक पांगल्यावर मी विचारलं होतं, "शेठला खोटं का सांगितलंत? चावी तर तुमच्या मुठीत होती."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "मी कुठे फोन केला? मी आत काँक्रीट फोडत होतो. बाहेर आलो तर सगळे जमलेले."

मधलं त्यांना काहीच आठवत नाही.

ड्रम तर साफ करावाच लागतो. हे आत उतरले की मी केबिनच्या पायरीवर ठाण मांडून बसते. बाहेर आले की एकच प्रश्न विचारते... थोरलीचं नाव आपण आधी काय ठरवलं होतं? ते आम्हा दोघांनाच माहीत आहे. "वेडी आहेस," म्हणत हे हसतात आणि लगेच सांगतात.

गेल्या रविवारी हसले नाहीत.

नाव बरोबर सांगितलं. पण त्याआधी मागे वळून, आतल्या कोणाला विचारावं तसं ड्रमकडे बघितलं.