टोला दुसऱ्यानं मारायचा

काम म्हटलं तर साधं होतं. दादानं घडवून ठेवलेल्या दोन नळ्या शेजारी शेजारी मांडायच्या, मध्ये पाचर, वर पट्टी, तारेनं करकचून बांधायचं आणि राळ टाकून कथलानं झाळायचं. झाली ठासणीची दुनळी बंदूक, निदान अर्धी तरी. दादाच्या हातची ही शेवटची जोडी. तो गेल्यापासून सहा महिने फडक्यात गुंडाळून पडलेली. वहिनीनंच ती कामाच्या खोलीत आणून ठेवली.

"भावजी, एवढी पुरी करा. यांचं अर्धवट राहिलेलं मला बघवत नाही."

नाही म्हणायची धाकट्याची काय प्राज्ञा!

पहिल्या दिवशी त्यानं नळ्या जोडल्या, निवल्यावर सुतळीला टांगल्या आणि लाकडाच्या मोगरीनं हलकेच टोला मारला. चांगल्या जोडीचा आवाज घंटेसारखा लांबत जातो. हिचा आला, थप्प. ओल्या भिंतीवर चापट मारावी तसा.

असा आवाज म्हणजे दोनपैकी एक. सांधा पोकळ, नाहीतर नळीला आतून चीर. त्यानं सांधा उकलला. कथील टोकापासून टोकापर्यंत पोचलेलं, टाचणी शिरेल एवढीही फट नाही. नळ्या उजेडाकडे धरून आत पाहिलं, आरशासारख्या स्वच्छ. सुट्या वाजवल्या तर दोन्ही खणखणीत. मग माशी शिंकत होती कुठे? पुन्हा जोडल्या. थप्प. पाचर बदलली, तार बदलली, राळ नवी आणली, कोळसा बदलला. पहिले पाढे पंचावन्न! आठ दिवसांत त्याच्या नाकी नऊ आले. बोटं भाजली, डोळे राळेच्या धुरानं सुजले, जेवणावरची वासना उडाली.

"नाही का अजून?" वहिनी पलीकडच्या खोलीतून विचारायची.

"होईल हो, होईल!" तो खेकसायचा.

तिला खरं कसं सांगणार? या घरात जुना नियम होता. जो जोडेल त्यानं टोला मारायचा नाही, कारण आपलं काम आपल्या कानाला गोडच लागतं. टोला दुसऱ्यानं मारायचा, आवाज कसा ते त्यानंच सांगायचं आणि त्याच्या शब्दावर जोडणाऱ्यानं पहिला बार काढायचा. आता घरात टोला मारणारं दुसरं जाणतं कुणी उरलंच नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी अशीच एक जोडी दादानं जोडली होती. टोला धाकट्यानं मारला होता. त्याच सकाळी दादा गिऱ्हाइकासमोर त्याला म्हणाला होता, "हा नुसता कानस घासणारा." त्या बोलानं धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आवाज आला थप्प, आणि धाकटा म्हणाला, "झकास आहे, दादा." वाटलं, सांधा सुटेल, गिऱ्हाइकासमोर याचीही फजिती होईल. सुटला नाही सांधा. नळी फुटली.

नवव्या दिवशी भर दुपारी धाकट्यानं टोला मारला.

थप्प.

"अरे, काय हवंय काय तुला!" त्यानं मोगरी भिरकावली. ती भिंतीवर आदळून भात्यामागे पडली. "ऐकलं होतं मी! त्या दिवशीही हाच आवाज... ऐकून खोटं बोललो मी. झालं समाधान? आता तरी नीट वाज, मेल्या!"

ओरडून झाल्यावर त्याला रडू फुटलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. खोलीत राळेचा वास कोंडला होता. आणि एकाएकी त्या वासात दुसरा वास मिसळला, बंदुकीच्या जळक्या दारूचा. इथं दारूची चिमूटसुद्धा नव्हती.

मग नळ्या वाजल्या.

कुणी हात लावला नव्हता. लांब, स्वच्छ आवाज खोलीभर पसरला, थांबेचना. त्यानं घाबरून नळ्या मुठीत धरल्या. मुठीतही त्या थरथरत राहिल्या. तळव्यापासून दातांपर्यंत ती थरथर पोचली, तेव्हा कुठे त्यानं हात सोडला.

दारात वहिनी उभी होती.

"वहिनी... मी नाही... मोगरी तिकडे..."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "सगळंच ऐकलं."

तो खाली मान घालून उभा राहिला. ती शिव्या देईल, रडेल, अंगावर धावून येईल, काहीही चाललं असतं. ती अगदी शांत होती.

"हे म्हणतात, आवाज चांगला आहे."

"क... कोण म्हणतं?"

"उद्या सकाळी पहिला बार तुम्ही काढायचा. जोडणारे तुम्ही ना?"

"वहिनी, आवाज खरंच चांगला आहे का? की..."

"मला काय कळतं त्यातलं! यांच्या शब्दावर जायचं." ती वळली. पण लगेच निघाली नाही. पदर सावरून चौकटीला पाठ लावून जराशी बाजूला झाली, अरुंद दारातून कुणाला आत यायला वाट द्यावी तशी.