दोघांपुरता कुकर

खरं वाटलं तर वाचा, नाही तर सोडा. मला कुणाची खात्री पटवायची नाही.

पैंजण, पांढरी साडी, पिंपळाचं झाड... असलं काही यात नाही. असल्या गोष्टींना मी आजवर हसतच आले.

जळगाव. मेहरूण तलावाजवळची एक तीन मजली इमारत, तिसरा मजला. मागच्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. रविवार. दुपारचा दीड.

दुपारचाच. बाहेर एवढं ऊन की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

मी रूपा. पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. नवरा स्वप्नील पाइपच्या कारखान्यात. आमचं वन बीएचके. स्वयंपाकघर सहा बाय सात.

लोकांना त्या स्वयंपाकघराची कीव यायची. मला नाही. ते मी मुद्दाम तसं केलं होतं.

कारण मी पाहुणे बघितले आहेत. स्वप्नीलच्या गावचे. कुणाचा डोळ्यांचा दवाखाना, कुणाची कोर्टाची तारीख. सकाळी येतात, पिशवीत चार वांगी आणतात, चार दिवस राहतात आणि आठ माणसांचं खातात. बाई कामावरून आली की हे चहाची वाट बघत बसलेले. म्हणून मी भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल लावलं. दोन स्टूल. एका शेगडीचं इंडक्शन. कमरेएवढा फ्रीज. दीड लिटरचा कुकर. ताटं दोन, वाट्या चार. हे सगळं मी महिनाभर फिरून, भाव करून घेतलं होतं.

स्वप्नील म्हणाला, "आई आली तर?"

मी म्हटलं, "जेवून जाईल. राहायला जागा कुठंय?"

तर तो रविवार.

मी नेहमीसारखा एक वाटी तांदूळ लावला. एका वाटीत आमचं दोघांचं बरोबर होतं. शिट्ट्या झाल्या. मी ओट्यापाशीच उभी राहून कोशिंबीर करत होते.

अचानक फ्रीजची घरघर थांबली.

लाईट होती. पंखा फिरत होता. फक्त फ्रीज गप्प...

आणि मग आवाज आला. स्टीलवर बोट फिरवल्यासारखा. शेवटचा घास निपटून खाताना येतो ना, तसा.

सर्र... सर्र...

मागे वळले. कोणी नाही. फ्रीज पुन्हा सुरू झाला.

कुकर उघडला.

भात निम्मा.

स्वप्नीलला सांगितलं. तो म्हणाला, "पाणी कमी पडलं असेल." याला पाणी गरम करता येत नाही, आणि हा मला भात शिकवणार!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी सव्वा वाटी लावली. तरी दोघांनाच कमी पडला.

चौथ्या दिवशी ते झाकण दिसलं.

डब्याचं झाकण. मी ते धुऊन जाळीत ठेवलं होतं. आता ते खाली होतं, फ्रीज आणि ओटा यांच्यामधल्या फरशीवर. तिथं दीड फूट जागा आहे. केरसुणी आणि सुपली तेवढी मावते.

झाकण उताणं होतं. त्यात भाताची तीन-चार शितं. आणि बोटांचे ओले फराटे.

मी खाली हात टेकवला...

फरशी गरम होती. माणूस बसून उठल्यावर असते तशी.

मी ओरडले नाही. राग आला मला. माझ्या घरात, माझ्या मापाच्या घरात, कोण हे फुकटचं?

आखाजीच्या दोन दिवस आधी सासूबाई आल्या. भिकुबाई. नरडाण्याजवळच्या गावी एकट्या राहतात. न कळवता आल्या. बरोबर कुरडयांचा डबा आणि आंब्यांची पिशवी. पिशवी फाटकी, सुतळीनं बांधलेली. दारात चपला काढल्या, त्याही माझ्या पायपुसण्यावर.

मी तोंड वाकडं केलं. त्यांनी बघितलं.

पाणी प्यायला त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथंच थांबल्या.

"कोन शे वं ती?"

मी म्हटलं, "कोण?"

"ती काय. फ्रीजना बाजूले बठेल शे."

स्वप्नील हसला. "आई, फ्रीजजवळ कोणी बसलेलं नाही. तुला ऊन लागलं."

मी हसले नाही. फ्रीज गप्प झाला होता.

जेवायला बसलो. दोघं टेबलावर, सासूबाई खाली. त्यांना मी झाकणातच वाढलं, तिसरं ताट नव्हतंच. त्यांनी ते झाकण हातानं पुढे सरकवलं, त्या दीड फुटाच्या जागेकडे.

"तिले वाढ पहिले. भूकी शे ती."

"आई, पुरे झालं आता," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्या जागेकडे वळून हळूच म्हणाल्या, "खाय माय. लाजू नको."

सर्र... सर्र...

स्वप्नीलचा घास हातातच राहिला. त्यानंही ऐकलं. पण कबूल केलं नाही. आजही करत नाही. पुरुषांचं हे बरं असतं.

सासूबाई तीन दिवस राहिल्या. हॉलमध्ये सतरंजीवर झोपल्या. रोज दुपारी आधी त्या कोपऱ्यात वाढायच्या, मग स्वतः जेवायच्या. त्या तीन दिवसांत भात एकदाही आपणहून कमी झाला नाही.

"कोण आहे ती?" मी एकदा विचारलंच.

"मले काय माहीत? इचारं नही. भूकेल माणूसले नाव इचारतस का?"

मला हा शहाणपणा नको होता. मला माझं स्वयंपाकघर परत हवं होतं.

आखाजी झाली. त्या निघाल्या. दारात पुन्हा म्हणाल्या, "तिले उपाशी ठेवू नको बरं."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "एवढा पुळका असेल तर घेऊन जा ना तिला! तुमच्याकडे घर रिकामंच आहे."

टोमणाच होता तो. मनापासून मारलेला.

त्या थांबल्या. स्वयंपाकघराकडे बघितलं. हात पुढे केला, लहान मुलाला आपल्या घरी चल म्हणताना करतात तसा.

"चाल माय मनासंगे. मना घर बठ्ठी जागाच शे."

माझ्या अंगाला काहीतरी घासून गेलं. गरम... आणि फार हलकं.

त्या दिवसापासून भात पुरायला लागला. उरायलासुद्धा लागला. मी लॅबमध्ये हसून सांगितलं, सासू आणि भूत एकाच एसटीनं गेले. सगळ्या खूप हसल्या.

मग गावाहून गोष्टी यायला लागल्या.

स्वप्नील फोन करायचा, "आई, एकटी आहेस, इकडे ये."

"मी एकटी कोठे शे?" त्या म्हणायच्या. आवाज दर वेळी बारीक होत चाललेला.

दिवाळीनंतर सासूबाईंच्या शेजारच्या पितांबर नानांचा फोन आला. "भाऊ, तुनी माय निस्ती हाडं रही गई. दिवसमां चार डाव रांधस. पन खास कोन, ते समजत नही."

मी स्पीकरवर ऐकत होते. दिवसातून चार वेळा स्वयंपाक, आणि अंगावर नुसती हाडं. मला कळलं, कोण खातं ते. मीच पाठवलं होतं.

तरी मी बोलले नाही. दोन महिने बोलले नाही. कारण सासूबाई इकडे आल्या तर त्या एकट्या येणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. माझं स्वतःबद्दलचं मत तेव्हापासून फार चांगलं नाही.

आज सकाळी स्वप्नील मला न विचारता गावी गेला. बरं केलं. विचारलं असतं तर मी काहीतरी कारण काढलंच असतं.

दुपारी दीडला त्याचा फोन आला. बसमधून.

"आईला घेऊन निघालोय. उचलूनच बसवावं लागलं गं. काही वजनच नाही तिच्यात."

"बरं," मी म्हटलं.

"कंडक्टरनं मला एक फुल आणि दोन हाफ तिकिटं दिली. बायकांचं हाफ ना. मी म्हटलं, चुकलं, आम्ही दोघंच आहोत. तर म्हणतो..."

मागे बसचं इंजिन ऐकू येत होतं.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, मग आईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय, ती कुणाबरोबर आहे?"