अखंड हिरवा ठिपका

पडद्यावरचा बाण मिनिटातून एकदा हलत होता. उजवीकडे, गव्हाच्या दाण्याएवढा. मग साठ सेकंद स्तब्ध. इन्स्पेक्टरने स्वतःच्या घड्याळावर पाच वेळा मोजलं. पाचही वेळा साठ.

माऊसला कुणाचा हात लागलेला नव्हता. ज्याचा लागायचा, तो सॉफ्टवेअर कंपनीतला टेस्टर खुर्चीखाली कुशीवर पडला होता. संध्याकाळी सव्वासहाला सफाईवाल्या मावशींनी दार उघडलं, तेव्हाच तो गार झाला होता.

इन्स्पेक्टरने हातमोजा चढवून माऊस उचलला. खाली मनगटी घड्याळ होतं, उताणं. सेकंदकाटा माऊसच्या डोळ्याखालून गेला की बाण हले. पट्ट्याचा चाप वाकलेला होता.

"कामचोरांची जुनी युक्ती," दारातला माणूस म्हणाला. हा टीमचा प्रमुख. त्याला सगळ्यांनी कॅप्टन म्हणायचं, असा त्याचाच आग्रह होता. "यंत्राला वाटतं माणूस जागेवर आहे. हे साहेब खुशाल झोपणार."

"यंत्राला कसं कळतं?"

"दहा मिनिटं माऊस किंवा कळ हलली नाही, की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. पंधरा मिनिटं तसाच राहिला, की खालच्या मोठ्या फलकावर झळकतो. लाज असेल तर माणूस परत जागेवर येतो."

"दिवसभरात या खोलीत कुणीच डोकावलं नाही?"

"बाहेर लाल दिवा असला की दार वाजवायचं नाही. एकाग्रता कक्ष आहे हा. लोक कोठडी म्हणतात, म्हणू देत. मी अकरा ते दोन ग्राहकांबरोबर व्हिडिओवर होतो. ऐंशी माणसं साक्षीला आहेत."

पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट चमकत होती. 'अभिनंदन. आज सर्वांत जास्त वेळ अखंड हिरवा ठिपका तुझा.' खाली वेळ होती, सहाची.

"हे कुणी पाठवलं?"

"यंत्र आपोआप पाठवतं," कॅप्टन म्हणाला. मग हसला. "आयुष्यात पहिल्यांदा पहिला आला."

कर्मचाऱ्यांच्या समाधानाची जबाबदारी जिच्याकडे होती, तिला लोक हसरी म्हणत. तिने इन्स्पेक्टरला पाण्याचा ग्लास दिला आणि खांद्यावर हात ठेवला.

"तू बस ना. इथे आम्ही सगळे एकमेकांना अरे-तुरे करतो. कुटुंबच आहोत."

"मी उभी बरी. आज इमारतीत पाहुणे होते म्हणे?"

"परीक्षक. समाधानी कार्यालयाचा पुरस्कार असतो. बारा ते चार होते. फलकासमोर उभे राहून म्हणाले, एकही पिवळा नाही, कमाल आहे."

"ठिपका पिवळा झाला की आधी कुणाला कळतं?"

"माझ्या फोनवर येतं. बाकीच्यांचे फोन फाटकापाशी कपाटात असतात. पण त्याचा आज एकदाही झाला नाही. घड्याळ होतं ना." तिने कागद पुढे केला. "त्याच्या बायकोची सही झाली की तुझंही काम संपेल. मृत्यूबाबत कुणावर संशय नाही, कुणाविरुद्ध तक्रार नाही. बिचारीला चौकशीचा ताप कशाला?"

बायको त्याच मजल्यावर प्रोग्रामर होती. कोठडीच्या दारापासून तिची खुर्ची चाळीस पावलांवर. ती खुर्चीत ताठ बसली होती. समोर हसरीने दिलेला कागद होता, त्यावर पेन होतं.

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"साडेनऊला. आत जाताना म्हणाला, आज बाहेर येईन तो फाईल घेऊनच."

"कसली फाईल?"

"तक्रारीची. इथं रोज सकाळी सगळ्यांना उभं करून कालच्या पिवळ्या ठिपक्यांची यादी वाचतात. कोण किती वेळा संडासला गेलं तेसुद्धा. एकीला गरोदरपणात तीन महिने ऐकवलं. तो दोन वर्षं सगळं लिहून ठेवत होता. म्हणायचा, दोघांच्या सहीने कामगार अधिकाऱ्याकडे देऊ. मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. एकटा देतो म्हणाला, तर त्यालाही नको म्हटलं. घर दोघांच्या पगारावर उभं आहे ना."

"दिवसभरात बोलणं झालं?"

"एक वाजून दहा मिनिटांनी ऑफिसच्या चॅटवर मी आमचा एक ठरलेला आकडा पाठवला. जेवायला येतोस का, असा त्याचा अर्थ. येणार असेल तर तो एक पाठवतो, नसेल तर दोन. हसरी सगळ्यांचं चॅट वाचते, म्हणून आम्ही तिथे शब्द लिहीत नाही."

"काय उत्तर आलं?"

"'कामात आहे, नंतर जेवू.'"

"शब्दांत?"

"शब्दांत. मला वाटलं, आधीच कुणीतरी झापलं असेल, म्हणून सभ्यपणे लिहितोय." तिने पेन उचललं, परत ठेवलं. "ठिपका हिरवा होता. त्यानंतर मी दर दहा मिनिटांनी बघत होते. मला वाटलं, आहे. आहे ना."

"या कागदावर आज सही करू नका."

"उद्या करू?"

"उद्या ठरवा."

दुसऱ्या दिवशी अकराला शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांना घाई नव्हती, त्यामुळे इन्स्पेक्टरलाही करता आली नाही.

"मेंदूत रक्तस्राव. अकराच्या सुमारास कोसळला असावा. गेला मात्र दोनच्या आसपास."

"मधले तीन तास?"

"बेशुद्ध. घोरल्यासारखा आवाज येत असणार. वेळेत आणला असता तर वाचण्याची शक्यता होती. किती ते मी सांगणार नाही. आणि एक, डाव्या मनगटावर ओरखडा आहे. भोवती सूज. मेलेल्या माणसाला ओरखडलं तर सूज येत नाही."

पोलिसांच्या संगणक तज्ज्ञाने दोन कागद आणून दिले. ते वाचून इन्स्पेक्टरने तिघांना सभागृहात बोलावलं. बायको खिडकीपाशी बसली. कागद तिच्या हातात होता, सहीविनाच.

"घड्याळापासून सुरुवात करू," इन्स्पेक्टर म्हणाली. "ते त्याचं होतं, रोजचं. रोज घड्याळ काढणारा माणूस चाप वाकवत नाही, स्वतःचं मनगट ओरबाडत नाही. ते दुसऱ्याने ओढून काढलं. आणि काढलं तेव्हा तो जिवंत होता. ओरखड्याला सूज आहे."

बायकोने डोळे मिटले.

"त्याच्या यंत्रावर शेवटची कळ अकरा वाजून सहा मिनिटांनी दाबली गेली. त्यानंतर एकही नाही. मग एक दहाला 'नंतर जेवू' कुणी लिहिलं? ते त्या खोलीतून गेलंच नाही. दुसऱ्या यंत्रावरून त्याच्या नावाने गेलं. सगळ्यांच्या चॅटची किल्ली एकाच टेबलावर आहे."

कॅप्टनने खुर्ची हळूच मागे सरकवली. हसरीपासून.

"त्याचा ठिपका एकदाही पिवळा झाला नाही, असं तुम्ही काल म्हणालात," इन्स्पेक्टर हसरीकडे वळली. "सर्व्हरवरची नोंद वेगळं सांगते. अकरा सोळाला पिवळा झाला. अकरा सत्तावीसला परत हिरवा. आणखी चार मिनिटांत तो फलकावर गेला असता. ती खबर फक्त तुमच्या फोनवर आली. तुम्ही कोठडीत गेलात."

"मला वाटलं झोपलाय." हसरीचा आवाज तसाच मऊ होता. "घोरत होता."

"खुर्चीखाली?"

हसरीने फोन टेबलावर उलटा ठेवला.

"झोपलेल्याला तुम्ही लोक उठवता. दुसऱ्या दिवशी यादीत वाचता. याला उठवलं नाहीत, कारण हा उठणार नाही हे तुम्हाला दिसलं होतं. रुग्णवाहिका बोलावली असती तर ती पाहुण्यांच्या स्वागतालाच आली असती. नुसतं दार लावून घेतलं असतं तर फलकावर पिवळा ठिपका राहिला असता. म्हणून त्याच्या हातातलं घड्याळ काढलंत."

"चार तासांचाच प्रश्न होता," हसरी म्हणाली. "पाहुणे गेले की मी बोलावणारच होते. दोनशे माणसांची वर्षभराची मेहनत होती त्यामागे. एकट्यासाठी..."

"पाहुणे चारला गेले. दार सव्वासहाला मावशींनी उघडलं."

"चार वाजता मी आत जाऊन आले." ती प्रथमच खाली बघत होती. "तेव्हा काही उपयोग नव्हता."

"तो दोनलाच गेला. मग तीन तासांचाच प्रश्न ठरला," इन्स्पेक्टर म्हणाली.

कॅप्टनने घसा साफ केला. "हे हिचं वैयक्तिक कृत्य आहे. कंपनीचा संबंध नाही." मग तो खिडकीकडे वळला, आवाजात माया आणून. "बघ, जे झालं ते वाईट झालं. पण हिच्या नावापुरतं ठेव. ठिपके, यादी, सकाळची सभा, हे त्यात ओढू नकोस. उद्यापासून घर तुझ्या एकटीच्या पगारावर आहे. विचार कर. पुढच्या महिन्यात शांतपणे बोलू."

"गुन्हा मी नोंदवणारच आहे," इन्स्पेक्टर बायकोला म्हणाली. "हिच्यावर. पण इथल्या कारभाराबद्दल तुम्ही सांगितलंत तेवढंच मला लिहिता येईल. सांगायची सक्ती नाही."

बायकोने हातातल्या कागदाच्या दोन घड्या केल्या आणि तो कॅप्टनपुढे ठेवला. दाराबाहेर, काचेपलीकडे, मजल्यावरची माणसं आपापल्या जागी बसून माऊस हलवत होती.

"लिहून घ्या, बाई," ती म्हणाली. "दोन वर्षांपासूनचं सगळं. तक्रार माझी आहे, या दोघांविरुद्ध आणि कंपनीविरुद्ध. आज, आत्ता."