गस ह्रिबारचा क्वार्टरबॅक

गुरुवारी दुपारी नोरीन वडलांना, गस ह्रिबारांना, घेऊन मिलीच्या हॉटेलात शिरली, तेव्हा काउंटरवर शाळेच्या जुन्या अमेरिकन फुटबॉल संघावरून नेहमीचा वाद रंगला होता.

"गस थोर कोच, मान्य," अर्ल न्हावी म्हणत होता. "पण डेल शाळा सोडून गेल्यावर गस किती सामने जिंकला? चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक बरा म्हणून कोच बरा. घोडा पळतो, नाव स्वाराचं."

"स्वार इथेच बसलाय, अर्ल," गस स्टुलावर टेकत म्हणाले आणि त्यांनी ॲपल-पाय मागवला.

तेवढ्यात दार उघडलं. कोटावरून पावसाचं पाणी निथळत होतं, कानांवरचे केस पिकले होते... तरी चाल तीच. आईचं घर विकायला बावीस वर्षांनी गावात आलेला डेल व्हिटकोम.

"अजून कॉफी नुसतीच ढवळत बसतेस?" नोरीनच्या शेजारच्या स्टुलावर टेकत तो म्हणाला.

"अजून न विचारता शेजारी बसतोस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"तू विचारलंस कधी—"

गस मध्येच बोलले. "डेल, त्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला मी चेंडू घेऊन धावायचा डाव पाठवला होता. तो तू ऐन वेळी बदललास, लांब फेक केलीस आणि आपण राज्यात पहिले आलो. का बदललास रे?"

डेलने नोरीनकडे पाहिलं. तिने नजर कपात बुडवली.

"अंदाज, कोच."

"ऐकलंस, अर्ल? खरंय तुझं. माझ्याकडे डेल होता, बस्स." गस समाधानाने हसले.

शुक्रवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

मंगळवारी दफनानंतर चर्चच्या तळघरात गाव जेवायला जमलं. अर्ल कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता. नोरीन मागच्या मोरीवर ताटं विसळायला लागली, आणि कुणीतरी फडकं घेऊन शेजारी उभं राहिलं.

शाळेच्या दिवसांत प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी अख्खा संघ ह्रिबारांकडे जेवायचा. मुलीशी कुणी गप्पा मारायच्या नाहीत, हा कोचचा कायदा. ती ताटं घासायची, डेल पुसायचा. बाबांसाठी समोरच्या संघाच्या खेळाच्या नोंदी तीच ठेवायची. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी ती नळाच्या आवाजाआड पुटपुटली होती, "त्यांचा एकवीस नंबरचा खेळाडू धावणाऱ्यावर आंधळा झेपावतो. त्याच्या मागे रान मोकळं असतं."

"त्यांना सांगायला हवं होतं," डेल आता म्हणाला. "पण कुणाला सांगणार नाही, असा मी तुला शब्द दिला होता."

"मला वाटायचं, त्यांचं मोठेपण उणं होईल."

"उणं? 'माझी लेक' म्हणून गावभर मिरवले असते ते."

नोरीनचे हात पाण्यात थांबले. हे तिला कधी सुचलंच नव्हतं. आणि आता सांगायला बाबा नव्हते.

शेवटचं ताट पुसत तो म्हणाला, "माझं उद्या सकाळचं विमान आहे. ओरेगनचं."

"हं."

"एवढंच? मी गाव सोडलं तेव्हा बसथांब्यावर 'जपून जा' तरी म्हणाली होतीस."

तिने नळ बंद केला. बाहेर लोक खुर्च्या आवरत होते. एकदा गप्प राहण्याची किंमत तिला आत्ताच कळली होती. दुसऱ्यांदा तिला ती झेपणार नव्हती.

"ते मी खोटं म्हणाले होते, डेल." ती त्याच्याकडे वळली. "मला म्हणायचं होतं... जाऊ नकोस. माझं तुझ्यावर प्रेम आहे. तेव्हाही होतं."